भांडण नाही, मग वकील कशाला?

बसा बसा. मागच्यांना ऐकू येतंय ना? विषय छापलाय 'वकिलाशिवाय घटस्फोट' आणि पहिल्याच रांगेत दोन वकील येऊन बसलेत, तर आधीच सांगते, मी कुणाच्या पोटावर पाय द्यायला आलेले नाही.

मी फॅमिली कोर्टात समुपदेशक होते. फॅमिली कोर्टात वकील देणं हा तुमचा हक्क नाहीच, १९८४ च्या कायद्याचं कलम १३ वाचा, परवानगी लागते. अर्ज केला की मिळते म्हणा, पण कायदा करणाऱ्यांना तुम्ही स्वतःच उभं राहून बोलावं असंच वाटत होतं. त्यामुळे 'एकट्याने करता येतं का' याचं उत्तर हो. करावं का, हे शेवटी सांगते, वेळ उरला तर.

आणि स्टॅम्पपेपरवाल्यांचं काय करायचं? पाचशेच्या पेपरवर सह्या, नोटरीचा शिक्का, की झाला म्हणे घटस्फोट, आणि त्या भरवशावर दुसरं लग्न ठरवून मोकळे! काही समाजांत रूढीने काडीमोड चालते, ती सिद्ध करावी लागते, तो विषय वेगळा. बाकीच्यांनो, नोटरी सही तपासतो हो, लग्न नाही मोडत.

बरं, तो मिक्सरवाला किस्सा. ज्यांनी आधी ऐकलाय त्यांनी चहा घेऊन या. एक जोडपं, दोघं नोकरीवाले, मूल नाही, आवाज चढवणं नाही, वकील नाही. एकत्र रिक्षाने यायचे आणि भाडं निम्मं निम्मं. वाटणीची यादी एक्सेलमध्ये करून आणलेली, कुंड्या, पडदे, पितळी डबा, सगळं. घोडं अडलं कुठे, तर मिक्सरवर. मिक्सर त्याच्या आईने दिलेला, पण चटणीचं भांडं हिने नंतर वेगळं विकत घेतलेलं, तर ती म्हणे भांडं माझं, तो म्हणे भांड्याशिवाय मोटर काय देवघरात ठेवू? अर्धा तास गेला त्यात. मी गप्प, कारण हसले असते तर दोघं मिळून माझ्यावर उलटले असते. शेवटी भांडं तिच्याकडे गेलं. आणि फ्लॅट? त्याला एक ओळ, 'फ्लॅट पत्नीकडे राहील.' मी म्हटलं, कर्ज दोघांच्या नावावर आहे ना, बँकेला विचारलंत का? 'आमचं ठरलंय मॅडम.'

ठरलं होतं, पण बँकेचं कुठे ठरलं होतं! पुढे तो स्वतःच्या घरासाठी लोन काढायला गेला तर जुनं कर्ज अजून त्याच्या नावावर. बँक म्हणाली, तुमचा हुकूमनामा तुमच्यात, आमच्याकडे सह्या दोघांच्या. आणि त्याचा निम्मा हिस्सा तिच्या नावावर करायचा तर आता मुद्रांक शुल्क पूर्ण. नवरा-बायको असताना बँकेची एनओसी घेऊन बक्षीसपत्र नोंदवलं असतं तर राहत्या घराला आपल्याकडे महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये, वर थोडाफार सरचार्ज. घटस्फोट झाला की तुम्ही कायद्याला परके. चटणीच्या भांड्याला अर्धा तास आणि फ्लॅटला एक ओळ!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर माझं म्हणणं एवढंच की 'आमचं भांडण नाही म्हणून वकील नको' हा हिशोबच उलटा आहे. भांडणं मोजू नका, दोघांच्या नावावरचे कागद मोजा. फ्लॅट नाही, कर्ज नाही, मूल नाही, केस नाही, पोटगीचा प्रश्न नाही, दोघं राजी, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली, म्हणजे परस्परसंमतीने, स्वतः जा, खुशाल. वर्षभर वेगळं राहिलेले हवेत, मग अर्ज, मग सहा महिने. ते सहा महिने माफ होऊ शकतात, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय, पण मागावं लागतं, आपोआप नाही. आणि हुकूम होईपर्यंत समोरचा संमती मागे घेऊ शकतो, म्हणून सगळे पैसे आधीच देऊन बसू नका.

फ्लॅट, कर्ज, मूल, केस, पोटगी यातलं एक जरी असेल तर निदान कन्सेंट टर्म्स, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटी, सही करण्याआधी वकिलाला दाखवा, अख्खी केस नका देऊ हवं तर, वाचायची फी द्या. ४९८अ ची, म्हणजे सासरच्या छळाची केस (नव्या गुन्ह्यांना आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) असेल तर घटस्फोटाने ती आपोआप संपत नाही, रद्द करायला हायकोर्टात जावं लागतं, तिथे साथ देऊ हे टर्म्समध्येच लिहून घ्या. आणि एकालाच घटस्फोट हवा असेल, क्रूरतेचा आरोप वगैरे असेल, उलटतपासणी असेल, तर एकट्याने मुळीच नाही, तिथे कितीही हुशार माणूस रडतो नाहीतर ओरडतो. पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना उत्पन्न कितीही असो वकील मोफत मिळतो, जिल्हा कोर्टातच ऑफिस असतं.

हं, आता प्रश्न घ्या. 'माझ्या एका मैत्रिणीचं विचारायचंय' म्हणून विचारलंत तरी चालेल, सगळे तसंच विचारतात.