छर्ऱ्याला तेल लावावं का?

(फोंडा येथे एअर रायफल आणि एअर पिस्तूल शिकणाऱ्या मुलामुलींसमोर व त्यांच्या पालकांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात.)

मंडळी, नमस्कार.

मिरग लागला की रेंजवर एक प्रश्न हमखास येतो. डबा उघडला तर छर्रे पांढरट दिसतायत, ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका, पसरलाय, आणि कुणीतरी सांगितलंय की छर्ऱ्यांना जरा तेल लावून बघ. मग कुणी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणतं, कुणी खोबरेल, कुणी गॅरेजमधला गंज सोडवायचा स्प्रे. मुलं जीव ओतून सराव करतात, पालक पदरमोड करून बाहेरदेशी छर्रे मागवतात. त्यामुळे नुसतं ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणून हा प्रश्न सोडून द्यायला मन होत नाही. माझं मत आधीच सांगतो. दहा मीटरच्या स्पर्धेत नेम सुधारावा म्हणून छर्ऱ्याला तेल लावू नका. तेलाला काम आहे, पण ते वेगळं आहे, आणि आपल्या गोव्याच्या हवेत ते फार महत्त्वाचं आहे.

मुळात ही कल्पना येते काडतुसाच्या बंदुकीतून. पॅरिसला 2024 साली कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेंनी ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या पन्नास मीटर थ्री पोझिशनला पॉइंट बावीसची काडतुसं वापरतात. त्या शिशाच्या गोळीवर कारखान्यातच मेणासारखं वंगण चढवलेलं असतं. गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते, मागे जळत्या दारूचा तप्त वायू असतो. वंगण नसेल तर मऊ शिसं नळीच्या खाचांत माखून बसतं. तिथे वंगण लागतंच, त्यात वाद नाही.

आपली दहा मीटरची रायफल मात्र सेकंदाला 170 ते 175 मीटरवर चालते. वेग जवळपास निम्मा, आणि मागे आग नाही, नुसती हवा. सिलिंडरमधली 200 बारपर्यंत दाबलेली हवा मोकळी होताना गार होते. अशा नळीत शिसं धरायला फार वेळ लागतो. जो दोष जवळजवळ नाहीच, त्यावर औषध कशाला?

याला अपवाद आहे, तोही सांगतो. लांब पल्ल्याच्या ताकदवान पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, बंदुका असतात, सेकंदाला पावणेतीनशे मीटर किंवा त्याहून जास्त वेग देणाऱ्या. त्यांच्या नळीत शिसं साठतं, विशेषतः तोंडाकडे जिथे चोक, म्हणजे नळीचा किंचित आवळलेला भाग, असतो तिथे. ग्रुप हळूहळू उघडत जातो आणि नळी साफ केली की पुन्हा जुळतो. तिथे वंगणाचा अगदी पातळ थर दिला तर दोन साफसफायांमधलं अंतर वाढतं. त्या मंडळींनी जरूर लावावं.

स्प्रिंगवाली, म्हणजे नळी मोडून भरायची एअरगन अनेकांच्या घरी आहे. तिच्याबाबतीत मी जास्त कडक आहे. चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो आणि समोरची हवा क्षणात दाबतो. इतक्या झटक्यात दाबलेल्या हवेला उष्णता बाहेर टाकायला वेळच मिळत नाही, म्हणून तिचं तापमान काहीशे अंशांवर चढतं. डिझेल इंजिन स्पार्क प्लगशिवाय पेटतं ते याच तत्त्वावर. अशा ठिकाणी छर्ऱ्याच्या मागच्या पोकळीत शिलाई मशीनचं तेल असेल तर ते पेटतं. आवाज कडक येतो, नळीतून धूर दिसतो, जळक्या तेलाचा वास येतो. पोरं खूश होतात, बंदूक ‘पॉवरफुल’ झाली म्हणतात. प्रत्यक्षात पिस्टनचं सील जळत असतं, स्प्रिंगला उलटा दणका बसत असतो आणि दर गोळीचा वेग निराळा असतो. दुसरी गोष्ट अशी की स्प्रिंगच्या बंदुकीत छर्ऱ्याने सुरुवातीला थोडं अडून राहायला हवं. तो फार घसरडा असला तर दाब पुरता चढण्याआधीच निसटतो, आणि काही बंदुकांत वेग वाढण्याऐवजी कमी होतो.

पीसीपीवाल्यांनीही एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. सिलिंडर भरायच्या जोडणीला, पंपाला, व्हॉल्व्हला खनिज तेल कधीही लावायचं नाही. उच्च दाबाच्या हवेत ते पेटू शकतं, आणि तिथे प्रश्न ग्रुपचा नसून तुमच्या हाताचा आणि डोळ्यांचा असतो.

आता आकड्यांकडे येऊ, कारण ‘थोडं तेल’ म्हणजे नेमकं किती हे कुणी मोजत नाही. रायफलचा स्पर्धेचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा. तेलाचा एक थेंब 0.03 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका छर्ऱ्यावर एक थेंब पडला तर त्याचं वजन पाच-सहा टक्क्यांनी वाढलं. बरं, ते तेल सगळीकडे सारखं बसत नाही. स्कर्टच्या, म्हणजे छर्ऱ्याच्या मागच्या पोकळ घेराच्या, आत एका बाजूला साचतं. नळीच्या खाचा साधारण 450 मिलिमीटरमध्ये एक पूर्ण फेरा देतात, तेव्हा 175 मीटर वेगाचा छर्रा सेकंदाला 390च्या आसपास फेऱ्यांनी फिरत बाहेर पडतो. एका बाजूला जड असलेली वस्तू एवढ्या वेगाने फिरली तर ती डगमगणारच.

वेगाचा हिशोबही मांडून बघा. तो छर्रा दहा मीटर जायला सेकंदाचा साधारण सतरावा भाग घेतो आणि तेवढ्यात 17 मिलिमीटर खाली येतो. तेलामुळे वेगात सेकंदाला दोन मीटरचा फरक पडला तर उंचीत 0.4 मिलिमीटरचा फरक पडतो. रायफलच्या टार्गेटवर दशांशातला एक गुण म्हणजे पाव मिलिमीटर. म्हणजे एका शॉटमागे दीड दशांश गेला. पिस्तूलवाल्यांना याची फारशी झळ लागणार नाही, त्यांचा दहाचा वर्तुळच 11.5 मिलिमीटरचा आहे. रायफलचा दहा फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. बीजिंगला 2008 साली अभिनव बिंद्रांनी सुवर्णपदक घेतलं तेव्हा त्यांचे एकूण गुण 700.5 होते आणि दुसऱ्या क्रमांकाचे 699.7. सबंध स्पर्धेअखेर फरक फक्त आठ दशांशांचा! दीड दशांश किती मोठा असतो ते यावरून समजावं.

मग ज्यांना तेल लावून फायदा झाला ते खोटं बोलतात का? मुळीच नाही. पाच शॉटचा ग्रुप स्वभावानेच चंचल असतो. तीच बंदूक, तोच डबा, तोच नेमबाज, तरी एक ग्रुप घट्ट येतो आणि दुसरा सैल. तेल लावल्यावर योगायोगाने घट्ट ग्रुप आला की श्रेय तेलाला जातं. खरंच तपासायचं असेल तर एकाच डब्यातल्या छर्ऱ्यांचे दोन भाग करा, एकाला वंगण द्या, एक कोरडा ठेवा. बंदूक टेकूवर ठेवा. कुठली पिशवी कुठली हे नेमबाजाला कळू देऊ नका, भरायचं काम दुसऱ्याकडे द्या. प्रकार बदलला की आधी पुष्कळ शॉट वाया घालवा, कारण आधीच्या छर्ऱ्यांनी नळीत ठेवलेला थर जाऊन नवा बसायला वेळ लागतो. हे बहुतेक जण विसरतात आणि कोरड्या छर्ऱ्यांची परीक्षा तेलकट नळीत घेतात. मग दहा-दहा शॉटचे अनेक ग्रुप मारा आणि सगळे मोजा. आवडता ग्रुप फोटोला ठेवून बाकीचे टाकून द्यायचे नाहीत. एवढं केल्यावर तुमच्या बंदुकीत तेलाने फरक पडला, तर माझं ऐकू नका, तुमच्या कागदाचं ऐका.

आता गोव्याच्या हवेकडे वळतो. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे मीठ बरणीत पाणी सोडतं आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. त्याच कपाटात छर्ऱ्यांचा डबा असतो. चवथीच्या सुमारास तो उघडून एक छर्रा चिमटीत फिरवून बघा. ताज्या छर्ऱ्याला निळसर करडी झाक असते आणि बोटाला थोडा काळपटपणा लागतो. खराब झालेल्याच्या कमरेत, स्कर्टच्या कडेला पिठासारखी पांढरी पूड दिसते आणि अंगठा फिरवला की ती खरखरते. ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांची शिशाशी क्रिया होऊन ही पूड बनते. डब्यावर आपण 4.49 की 4.50 असा डोक्याचा व्यास बघून छर्रे निवडतो, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी पैसे मोजतो. त्यावर ही पूड कुठे जाड, कुठे पातळ बसली की ती सगळी निवड पाण्यात.

यात आम्लाची वाफ शिरली की काम आणखी बिघडतं. रंगातला सफेदा पूर्वी शिसं आणि व्हिनेगर एकत्र कोंडूनच बनवत. आपल्या स्वयंपाकघरात माडाच्या सुरेचा व्हिनेगर असतो. त्याच्या शेजारी शिशाचे छर्रे ठेवणं म्हणजे घरी सफेद्याचा कारखाना काढणं. शिसं विषारी आहे, म्हणून स्वयंपाकघरात ते नकोच. काही लाकडांतूनही अशी आम्ल वाफ निघते, तेव्हा बंद लाकडी खणही टाळा. खोबरेलातली मुक्त आम्लं शिशाशी क्रिया करतात, आणि डिसेंबरच्या गार पहाटे ते थिजतं. खोबरेल केसांनाच राहू द्या.

कारखान्यातून येतानाच बऱ्याच छर्ऱ्यांवर पातळ संरक्षक थर किंवा ग्रॅफाइट असतं. काही नेमबाज शिशाची भुकटी जावी म्हणून छर्रे साबणाच्या पाण्यात धुतात. त्यात हा थरही जातो आणि आपल्या हवेत असे छर्रे लवकर पांढरे पडतात. माझा सल्ला, धुऊ नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या वेळोवेळी बदला, आणि पावसाळ्यात एका वेळी एकच डबा फोडा. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. धुतलेच असतील, किंवा जागा फारच ओलसर असेल, तर झिपच्या पिशवीला आतून सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब चोळा, त्यात शंभरेक छर्रे घालून पिशवी हलक्या हाताने फिरवा. हिसके देऊ नका, स्कर्ट पातळ असतो, वाकतो. मग जुन्या सुती पंच्यावर पसरून जास्तीचं तेल टिपू द्या. बोट फिरवल्यावर ओलं लागलं तर तेल जास्त झालं. स्पर्धेच्या दिवशी मात्र सगळे छर्रे एकाच तऱ्हेचे हवेत, काही तेलाचे आणि काही कोरडे असं चालणार नाही.

पांढरे पडलेले छर्रे मुलांनी फुंकून वा कपड्याला पुसून वापरू नयेत. ती पूड श्वासातून, बोटांवरून पोटात जाते. छर्रे ओठांत धरायची सवय काहींना असते, ती आजच सोडा. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडून फोव खायचे नाहीत, हे पालकांनीच पाहायला हवं.

मघाशी मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं की मुलाने महिनाभर मशीनचं तेल लावलंय, आता काय करायचं. रायफल पीसीपी असेल तर घाबरू नका. नळीच्या मापाचे फेल्टचे तुकडे मिळतात, ते चाप ओढून न मारता दोरीने किंवा रॉडने भरायच्या बाजूकडून तोंडाकडे ओढा, कोरडे आणि स्वच्छ निघेपर्यंत. मग कोरडे छर्रे वापरून ग्रुप स्थिर होईपर्यंत मारा आणि तोवर नेम धरायची साइट हलवू नका. बंदूक स्प्रिंगची असेल आणि धूर येत असेल, तर ती मारणं थांबवा आणि सील बघून देणाऱ्या कारागिराकडे न्या.