गाडी भरण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना लागला की आपल्या सांगली-मिरजेत कुठल्या ना कुठल्या दारात सामानाचा टेम्पो उभा दिसतो. कुणाची बदली झालेली असते, कुणाच्या मुलाला पुण्यात नोकरी लागलेली असते. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांतली काही बिऱ्हाडं नदीकाठ सोडून निघालेली असतात. गावातल्या गावात जायचं तर ओळखीचा टेम्पोवाला आणि चार हमाल पुरतात. लांब जायचं असलं की आपण पॅकर्स-मूव्हर्सना फोन लावतो. त्याबद्दल आज बोलणार आहे.

आम्ही सांगलीच्या गावभागातलं घर सोडलं, तेव्हा निम्मं सामान सांगलीतच विश्रामबागेत नेलं आणि निम्मं मुलीकडे पुण्याला पाठवलं. फोनवर पॅकर्सच्या माणसानं एवढंच विचारलं, "काकू, टू बीएचकेचंच सामान ना? पंधरा हजारांत होऊन जाईल." मी लगेच दोन हजार इसार पाठवला. ठरल्या दिवशी गाडी भरली, फाळका लागला, आणि मुकादम म्हणाला, "सामान जास्त निघालं, सव्वीस हजार होतील. नको असेल तर उतरवतो, पण भराई द्यावी लागेल." संध्याकाळी घराचा ताबा द्यायचा होता. पैसे दिले.

पैशाचं दुःख विसरले. पण त्या सामानात माझ्या आईचा मिरजेत घडवलेला तंबोरा होता. वाटेत कुठंतरी माल दुसऱ्या गाडीत टाकला आणि तंबोरा कपाटाखाली गेला. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे खरोखरच वाळवलेल्या भोपळ्याचं कवच. बोटानं वाजवलं तर घुमतं, आणि दाब पडला की तडकतं. मुलीनं गवसणी काढली तर भोपळ्याला वीतभर चीर. मिरजेच्या कारागिरानं तो फार हळुवारपणे सांधून दिला. जोड डोळ्यांना दिसत नाही, हाताला मात्र लागतो.

तेव्हापासून मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते, घर बघितल्याशिवाय दर सांगणाऱ्याला काम देऊ नका. माणूस घरी येऊ दे. त्याला माळ्यावरची पितळी भांडी दाखवा, लोणच्याच्या बरण्या दाखवा, परसातलं जातं दाखवा. किती डाग, म्हणजे नग, होतील ते त्याच्यासमोर मोजा आणि नगवार यादी करून त्यावर त्याची सही घ्या. गाडी फक्त आपली की अर्ध्या भाड्यात दुसऱ्याचाही माल, वाटेत गाडी बदलणार का, जिन्याचे आणि टोलचे पैसे त्यात धरलेत का, हे सगळं त्याच कागदावर येऊ दे. इसार त्यानंतर.

नावावर भुलू नका. मोठ्या कंपनीशी मिळतंजुळतं नाव लावून बसणारे पुष्कळ आहेत. जीएसटी नंबर मागा. तो पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो घातला की धंद्याचं नाव, पत्ता आणि नोंदणीची तारीख फुकट दिसते. कुणी ई-वे बिलाचे, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीत काढायच्या ऑनलाइन कागदाचे, पैसे लावले तर देऊ नका. वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही.

आता विम्याचं. "काकू, विमा आहे आमचा" हे नुसतं तोंडी चालत नाही. विमा कंपनीची, आपल्या नावाची पॉलिसी हातात हवी. वाहतूकदाराची जबाबदारी २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यात आणि त्याच्या २०११ च्या नियमांत सांगितली आहे. जास्त किंमत लिहून जादा आकार भरलेला नसेल, तर भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरतीच मिळते. म्हणून बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदार देतो त्या मालाच्या पावतीवर, सामानाची खरी किंमत लिहा. आणि नुकसान झालंच, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्या. फोनवरच्या भांडणाला नोटीस म्हणत नाहीत. मी फोनवरच भांडत बसले आणि मुदत गेली. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. कंपनी कुठलीही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते.

मागच्या वर्षी मुलगी पुण्याहून बेळगावला गेली. या वेळी आलेला माणूस तासभर घरात फिरला, पलंगसुद्धा उचलून बघितला. त्यानं बावीस हजार सांगितले आणि शेवटपर्यंत बावीसच घेतले. तंबोऱ्याच्या तारा सैल केल्या, त्याला वेगळं लाकडी खोकं करवून घेतलं, आणि यादीत त्याची स्वतंत्र ओळ लिहिली: नग क्रमांक २३.

बेळगावला गाडी रिकामी झाल्यावर ड्रायव्हरनं 'माल सुस्थितीत मिळाला' लिहिलेला कागद पुढं केला. मुलगी म्हणाली, "दादा, दहा मिनिटं थांबा, चहा घ्या." तिनं सगळे डाग यादीशी ताडून बघितले, नाजूक खोकी उघडली. सर्वांत शेवटी तेविसावं खोकं उघडून भोपळ्यावरून हात फिरवला, तारा चढवून षड्ज लावून पाहिला, आणि मग सही केली.

नमस्कार.