गजर आला की कॅसेट पलटायची

तापी आणि पूर्णेचा संगम, पहाटेचे साडेपाच. मागं चांगदेवाचं देऊळ दिसतंय. आणि हा जो आवाज येतोय ना, तो देवळातला नाही, केळीच्या बागेत पाणी भरणाऱ्या त्या भाऊंच्या खिशातल्या मोबाईलचा आहे.

आपल्या खान्देशात सकाळ अशीच होते, कुणाकडं काकडा, कुणाकडं हरिपाठ, कुणाकडं रेडिओवरची भक्तिगीतं. पण भाऊ ऐकतायत ते कीर्तन नेटवरून घेतलेलं नाही, ते त्यांच्याच गावच्या सप्त्यातलं आहे, तीसेक वर्षांपूर्वीचं, आणि ते टिकलं या ट्रंकेमुळं.

ट्रंक उघडतायत ते आप्पा, सप्त्यातली कीर्तनं कॅसेटवर भरून घेणारे. घर धाब्याचं, मातीचं छत, म्हणून मे महिन्यातही आत गारवा राहिला आणि कॅसेट वाचल्या. पत्र्याच्या घरांतल्या बहुतेक गेल्या.

प्रत्येक कॅसेटवर बॉलपेननं लिहिलंय बघा, रात्र तिसरी, रात्र पाचवी, काला. खाली महाराजांचं गाव. नाव नाही, गावच, कारण तेव्हा महाराजांना गावावरूनच ओळखायचे.

आता हे नीट ऐका. कॅसेट 60 मिनिटांची, म्हणजे एका बाजूला अर्धा तास, आणि कीर्तन दोन तासांचं, म्हणजे मधे तीनदा हात घालावाच लागणार. आप्पा टेपजवळ मांडी घालून बसायचे, झाकणातून उरलेली पट्टी बघत राहायचे, आणि संपत आली की टाळकऱ्यांच्या गजराची वाट बघायचे. गजर आला की कॅसेट पलटायची. म्हणून या कॅसेटांमधे गजर तुटलेत पण निरूपण कुठंही तुटलेलं नाही. आप्पा म्हणतात, "विठ्ठल विठ्ठल सगळ्यांना येतं भाऊ, महाराज काय बोलले ते परत कुठून आणणार?"

आता या सगळ्या कॅम्प्युटरवर घेण्याचं काम आप्पांची नात करतेय. आधी पेन्सिल घालून सैल पट्टी ताणायची, मग कापसाला स्पिरिट लावून टेपचं हेड पुसायचं, काळं निघतं ते निघेपर्यंत. काही कॅसेटांमधली पट्टीमागची बारकी गादी झडून गेलीय, मग स्क्रू खोलून दोन्ही चकत्या अलगद उचलायच्या आणि दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवायच्या. हात बघा तिचे. पट्टी चार मिलिमीटरही रुंद नाही, आणि अख्ख्या कॅसेटीत ती भरते सुमारे 90 मीटर.

खरी अडचण पुढं आली. सप्त्यात लाइट गेली की आप्पा टेप सेलवर चालवायचे, सेल उतरत गेले की मोटर मंद व्हायची, आणि मंद चालीवर भरलेलं आज बरोबर चालीवर वाजवलं की उलट भरभर वाजतं. रात्र पाचवीत महाराजांचा आवाज हळूहळू लहान पोरासारखा होत जातो. किती मंद करायचं हे कसं कळणार? तर आप्पांना आठवलं की गावची पेटी काळी दोनच्या सुरात लागायची. नातीनं देवळातली तीच पेटी आणली, सूर धरून ठेवला, आणि कॅम्प्युटरवर थोडं थोडं मागं घेत गेली. (इथं पेटी आणि कॅसेट दोन्हींचा आवाज एकत्र येऊ द्या.) लागला!

ही दुसरी कॅसेट वैशाखातली, वद्य दशमीची, मुक्ताईच्या समाधीचा दिवस. मुक्ताईनगर इथून जवळच. ज्ञानदेव रुसून ताटी लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीनं बाहेरून समजूत घातली, तो प्रसंग चालू आहे. महाराज बोलता बोलता मंडपाच्या खांबावर बोटांनी टकटक करतात. माणसं एकदम गप्प होतात, ती शांतता पण पट्टीवर उतरलीय.

आणि ही, हिच्यावर नुसतं लिहिलंय 'कानबाई'. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, घरात कानबाई, म्हणजे आपल्या खान्देशातली देवी, बसलेली, बायांची अहिराणी गाणी, मागं भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी बाळ रडतंय. ही गाणी आप्पांच्या गावात कुणी लिहून ठेवली नाहीत, गाणाऱ्या होत्या तोवर होती. असल्या ट्रंका अजून किती घरांत माळ्यावर पडून असतील, तुमच्याकडं असेल तर एकदा उघडून बघा.

गाणाऱ्यांपैकी दोघी आज गावात आहेत. नात हेडफोन घेऊन त्यांच्या ओट्यावर गेली.

आजीबाईंनी आधी नको नको केलं. आता ऐकतायत. ओठ हलतायत बघा, पुढची ओळ कॅसेटच्या आधी येतेय.