कम्युनिटी कॉलेजातली बिझनेसची पहिली दोन वर्षं

नमस्कार श्रोतेहो. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, दोन वर्षं बिझनेस शिकायचं आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं, या वाटेविषयी आज बोलणार आहे. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. कोर्सचं वजन युनिटांत मोजतात. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर फी पडते, म्हणजे दोन वर्षांच्या ६० युनिटांचे २,७६० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ शुल्क वेगळं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर भारतातून येणाऱ्याला मात्र हीच फी कित्येक पटींनी जास्त बसते, त्यामुळे त्याने एकही युनिट वाया घालवू नये.

आणि युनिटं वाया जातात ती बहुतेक वेळा चुकीचे कोर्स चांगल्या मार्कांनी पास केल्यामुळे. कॉलेजच्या यादीत ‘बिझनेस मॅनेजमेंट’ नावाची पदवी दिसते. मुलाला मॅनेजमेंटच करायचं असतं, तो तीच निवडतो. पण ही पदवी बऱ्याच ठिकाणी थेट नोकरीला लागणाऱ्यांसाठी बेतलेली असते. सुपरव्हिजन, ग्राहकसेवा, लहान धंदा चालवणं असे विषय त्यात असतात. विषय उपयोगाचे, शिकवतातही छान, पण बिझनेसच्या मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, विद्यापीठ जे मागतं ते हे नव्हे. विद्यापीठाला हवं असतं फायनान्शियल आणि मॅनेजरियल अकाउंटिंग, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, कॅल्क्युलस आणि अनेक ठिकाणी बिझनेस लॉ. म्हणून ‘बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’मधली ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची दोन वर्षांची पदवी, शोधा. मॅनेजमेंटचं खास शिक्षण तिसऱ्या वर्षापासून मिळतंच.

आता कोर्स ठरवायचे कसे? ‘असिस्ट’ नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे, फुकट आहे. आपलं कॉलेज, जायचं ते विद्यापीठ आणि मेजर निवडलं की दोन रकाने उघडतात. एका बाजूला विद्यापीठाचा कोर्स, दुसऱ्या बाजूला तुमच्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा. एखाद्या ओळीत समतुल्य कोर्स नाही असा शेरा असेल, तर तो शेजारच्या कॉलेजात मिळतो का ते बघा. दोन कोर्स ‘आणि’ने जोडलेले असतील तर दोन्ही करावे लागतात, एकाने भागत नाही. हा कागद पहिल्या सत्राआधी छापून घ्या आणि काउन्सेलरकडे जाताना हातात ठेवा. काउन्सेलर मदत करतात, पण त्यांच्यासमोर शेकडो मुलं असतात. तुमच्या मेजरची बारीक अट तुम्हालाच ठाऊक असायला हवी.

अकाउंटिंगमध्ये एक खाचखळगा आहे. क्युपर्टिनोच्या डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांच्या, कॉलेजात अकाउंटिंगची मालिका तीन क्वार्टरमध्ये वाटलेली असते. दोन भाग इथे करून तिसरा सेमिस्टरवाल्या कॉलेजात करायला गेलात, तर जोडणी तुटते आणि पूर्ण श्रेय मिळत नाही. सुरू केलेली मालिका त्याच कॉलेजात संपवा. लक्षात ठेवा, ६० सेमिस्टर युनिटं म्हणजे ९० क्वार्टर युनिटं.

गणिताचंही तसंच. काही कॅम्पसना बिझनेस कॅल्क्युलसचा एक कोर्स पुरतो, बर्कली विद्यापीठाच्या हास या बिझनेस स्कूलला कॅल्क्युलसची दोन सत्रं लागतात. उशिरा कळलं तर एक वर्ष जातं, कारण एकाआधी दुसरा घेता येत नाही.

ट्रान्सफर पदवी घेतली की कॅल स्टेट, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, या विद्यापीठांच्या समूहात जागेची हमी आहे. ती समूहात आहे, तुमच्या आवडत्या कॅम्पसला किंवा मेजरला नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, म्हणजे युसीची, वेगळी हमी आहे, तिला टॅग म्हणतात. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ एवढेच सहा कॅम्पस ती देतात, एका वेळी एकाच कॅम्पसला अर्ज करता येतो आणि काही मेजर तिच्यातून वगळलेली असतात. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये, मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे दुसरं वर्ष नीट सुरू होण्याआधीच निवड झालेली हवी. युसीची किमान जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, रहिवाशाला २.४ आणि बाहेरच्याला २.८ आहे, पण बिझनेसच्या जागा किमान गुणांवर मिळत नाहीत.

एफ-१वाल्यांनी हिशेब करावा. व्हिसासाठी सत्राला १२ युनिटं पुरतात, पण चार सेमिस्टरमध्ये त्यांची ४८च होतात. १५-१५ घ्या किंवा उन्हाळी सत्र धरा. त्या १२ युनिटांत ऑनलाइन कोर्स एकच मोजला जातो.

इथल्या मराठी घरांतली एच-४ या आश्रित व्हिसावरची मुलं अटी पूर्ण करून रहिवासी दराने शिकू शकतात. हा व्हिसा एकविसाव्या वर्षी संपतो, आणि ते वर्ष ट्रान्सफरच्या मधेच येत असेल, तर व्हिसा बदलण्याची तयारी आणि वाढीव फीची तरतूद आधीच करा.

भारतात एफवायबीकॉम करून आलेल्यांनी ते वर्ष अर्जात लपवू नये, मार्क कमी असले तरी. युसी झालेलं सगळं कॉलेज शिक्षण मागते. आणि प्रवेश मिळाल्यावर वसंत सत्रात एखादा कोर्स सोडायचा असेल, तर आधी विद्यापीठाला कळवा. अर्जात लिहिलेला कोर्स शेवटच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, नसेल, तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो.