धरण भरलं म्हणजे पक्षी आले, असं नसतं

नमस्कार मंडळी. माईक जरा खरखर करतोय, चालवून घ्या.

दरवर्षी दिवाळी झाली की मला फोन सुरू होतात, सर हतनूर धरण फुल्ल भरलंय, पक्षी बघायला कधी जायचं? मी म्हणतो थांबा भो, पाणी उतरू द्या. समोरच्याला वाटतं हा माणूस टाळतोय. पण खरंच, भरलेलं धरण बहुतेक पक्ष्यांच्या काही कामाचं नसतं. थापट्या, चक्रांग, तलवार बदक ही बदकमंडळी खोल बुडी मारत नाहीत, वरवरचं पाणी चोचीने गाळून खातात, नाहीतर शेपटी वर करून डोकं पाण्यात घालतात आणि तळाचं खातात, म्हणजे त्यांना वीत-दीड वीत पाणी पाहिजे, वीस फूट नको. तुतवार, चिखल्या या काठावर चालत खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांना तर पाणीही नको, ओला गाळ हवा. लालसरी हे बदक बुडी मारतं, त्याचं ठीक आहे.

म्हणजे पाणथळ जागा ही पाण्यात नसते, काठात असते.

आता हतनूरच घ्या. तापी आणि पूर्णा चांगदेवजवळ भेटतात, त्याच्या खाली हे धरण. पावसाळ्यात ४१ दरवाजे उघडल्याची बातमी तुम्ही दरवर्षी वाचता. दोन्ही नद्या काळ्या मातीचा प्रदेश धुवून आणतात आणि बॅकवॉटरमध्ये आणून टाकतात. इंजिनिअर लोक या गाळाला शिव्या देतात, बरोबरच आहे, साठा कमी होतो. पण पक्ष्यांचं ताट त्याच गाळावर वाढलेलं असतं. हतनूरची महत्त्वाचं पक्षीक्षेत्र म्हणून नोंद आहे ती काही तिथल्या काँक्रीटमुळे नाही. नाशिककडचं नांदूर मध्यमेश्वरही असंच, गोदावरीवरचा ब्रिटिश काळातला बंधारा, गाळाने भरत गेला, दलदल झाली, आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाच्या यादीतली महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

गाळ काढू नका असं मी म्हणत नाही हां, शेतात गेला तर सोनं आहे. फक्त जेसीबी उथळ टोकाला लावू नका, मधे खोलात काढा. उथळ टोक काढायला सोपं असतं म्हणून सगळे तिथेच सुरू करतात.

रब्बीचं आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटलं की धरण हळूहळू उतरतं, रोज हातभर नवा काठ उघडा पडतो, जणू पंगतीला पंगत उठतेय. हे उतरणं सावकाश झालं तर पक्षी फेब्रुवारीपर्यंत टिकतात. चार दिवसांत एकदम मोठा विसर्ग झाला, तर काठ वाळून तडकतो आणि चोच आत जात नाही.

त्यात गाळपेर. पाणी मागे सरकलं की लोक थेट काठापर्यंत नांगरतात, हरभरा, गहू, टरबूज. रागवायचं कसं? धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना ही उघडी पडलेली जमीन आधी मिळावी असा नियम आहे, आणि खरं सांगू, तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले रानहंस, रात्री त्याच हरभऱ्यात चरतात. शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. पण अगदी पाण्याला लागून पन्नास पावलांचा पट्टा मोकळा सोडला तर दोघांचं जमतं असं माझं मत.

मला खरा त्रास होतो तो उन्हाळ्यात. एका धरणाच्या खाली, तापीच्या पात्रातल्या वाळूच्या बेटावर नदी सुरय या मासे खाणाऱ्या पक्ष्याची घरटी बघितली होती. घरटं कसलं, वाळूत टाचेने केल्यासारखा खळगा, त्यात तीन अंडी, रंग असा की पाय पडेपर्यंत दिसणार नाहीत. दोन दिवसांनी पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटलं, बेटावर चार बोटं पाणी चढलं, फक्त चार बोटं. पक्षी वर घिरट्या घालत ओरडत होते. माणसाला प्यायला पाणी पाहिजेच, पण ते आठ दिवस आधी सोडलं असतं तर? कार्यालयात विचारलं तर कोणी नीट बोलायलाही तयार नव्हतं.

प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे या बॅरेजेसचंही तेच, तापी पायऱ्यापायऱ्यांनी तुंबलीय, शेतीला बरं झालं, पण वाळूची बेटं बुडाली. उलट पांझरा नदीवरचे जुने फड बंधारे, म्हणजे गावाने मिळून शेतीला पाणी वळवायचे बंधारे, ठेंगणे, नदी त्यांच्यावरून वाहत राहायची.

आणि शेततळी, त्यांना लोक पाणथळ समजतात. प्लास्टिकचा कागद, सरळ उतार, चिखल नाही, गवत नाही, आत पडलेलं पिल्लू वर चढूच शकत नाही. एका बाजूला जुनं गोणपाट लोंबकळत सोडा, एवढं तरी करा.

रविवारी सकाळी सहाला चांगदेवच्या देवळापाशी या. लाल-पिवळे कपडे नकोत, आणि चप्पल घालून येऊ नका, गाळात अडकते, मागच्या वेळी माझीच राहिली.