बघ, माझी सायकल!
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेला तुंबा, अगदी जवळून. फडक्यानं जुनं ग्रीस पुसलं जातंय.]

ग्रीसचा थर निघाला की खाली अक्षरं दिसू लागतात. स्टर्मी-आर्चर, ही बनवणारी कंपनी. त्याखाली एडब्ल्यू, हे हबच्या प्रकाराचं नाव. आणि मग ठोकलेले दोन आकडे : ५२ आणि ६. म्हणजे १९५२ सालचा जून महिना. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या कारखान्यात हा हब त्या महिन्यात तयार झाला. जुन्या सायकलींचा नाद असलेल्या माणसाकडे जा, चहा येण्याआधी तो तुम्हाला हे आकडे दाखवेल.

या हबच्या पोटात तीन गिअर आहेत. बाहेरून काही कळत नाही. मधला गिअर सरळ, खालचा पाव हिश्शानं हलका, वरचा एक तृतीयांशानं जड. १९३६ साली आलेली ही रचना. हबवर तेल सोडायला एक बारीक झाकण असतं. त्यातून वेळच्या वेळी तेल पाजत राहिलं, तर सत्तर वर्षांपूर्वीचा हब आजही पुण्याच्या चढाला कुरकुर करत नाही.

[दृश्य : वाड्याचं अंगण. भिंतीला टेकलेल्या चार-पाच काळ्या सायकली.]

जाणकार माणूस या जुन्या विलायती सायकलींची कंपनी लांबूनच ओळखतो. त्याची नजर आधी चेनव्हीलवर, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चकतीवर जाते. तिथे बगळ्यांच्या माना दिसल्या की रॅले. पळणाऱ्या माणसांची ओळ कोरलेली असली की हंबर. हाताचा पंजा म्हणजे रज. हेडवरच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीवरच्या बिल्ल्यात तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या असल्या, तर ती बीएसए. बर्मिंगहॅमची ही कंपनी मुळात बंदुका बनवायची, ती खूण सायकलीवरही राहिली. हंबरची आणखी एक ओळख आहे : पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला प्रत्येक बाजूला एक नव्हे, दोन-दोन बारीक नळ्या. हंबरवाला बोलताना त्या नळ्यांवरून हात फिरवल्याशिवाय राहत नाही. आणि सनबीमची चेन तर दिसतच नाही. ती बंद डब्यात तेलात फिरते, ना धूळ लागते, ना लेंग्याला डाग पडतो.

हे सगळं तोंडपाठ असणं म्हणजे नुसती हौस नाही. आपल्या सायकलीत कुठला भाग मूळचा, कुठला नंतरचा, हे मालकाला ठाऊक असतं आणि तो ते लपवत नाही. कॅरिअर देशी आहे, घंटी जुन्या बाजारातून आणली, मडगार्ड मात्र कारखान्यातलंच, असं तो स्वतःहून सांगतो. मला त्यांच्या अभिमानातला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

[दृश्य : चामड्याचं सीट. कापडाच्या बोळ्यानं मेणासारखं मलम चोळलं जातंय.]

हे ब्रुक्सचं सीट. ही कंपनी १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झाली. चामडं नवं असताना कडक असतं, पहिले काही महिने मालकाला सोसावं लागतं. मग ते हळूहळू त्याच्या बसण्याच्या ढबीचं होतं. पुढच्या टोकाखाली एक नट आहे, चामडं सैल पडलं तर तो थोडासा आवळायचा. पावसात भिजू द्यायचं नाही, आणि भिजलंच तर उन्हात वाळवायचं नाही. असं जपलेलं सीट दुसऱ्याला एका फेरीपुरतं द्यायलाही जिवावर येतं.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. सायकलींनी भरलेला रस्ता.]

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, ते उगाच नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना सुटला की रस्ताभर सायकलीच सायकली. कॉलेजात जाणारी मुलं सायकलवर, त्यांचे प्राध्यापकही सायकलवर. नगरपालिका सायकलीवर कर घ्यायची आणि भरल्याची खूण म्हणून बिल्ला द्यायची. बिल्ला नसेल तर दंड. रात्री दिवा नसेल, डबलसीट बसलेले सापडलात, तरी पोलीस थांबवायचे. तो बिल्ला आजही काही सायकलींच्या हँडलखाली स्क्रूनं घट्ट बसवलेला दिसतो. कर कधीच गेला, बिल्ला काढायची मालकाची तयारी नाही. खंडेनवमीला सायकल धुऊन-पुसून उभी करायची, तिला हळद-कुंकू वाहायचं, हँडलला झेंडूची माळ घालायची, हा रिवाज तर घराघरांत होता. दारात मोटार उभी असली तरी झेंडूची एक माळ सायकलीसाठी राखून ठेवणारी घरं अजून आहेत.

अभिमान विलायती सायकलीचाच असावा असं मात्र कोणी समजू नये. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला १९४९ पासून टीआय, सोनीपतला १९५१ पासून अ‍ॅटलास, लुधियान्याला १९५६ पासून हीरो. दूधवाला, पोस्टमन, गावोगावचे शिक्षक यांना वाहून नेलं ते या सायकलींनी. ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलासच्या साहिबाबादच्या कारखान्यात काम थांबलं. वडिलांची अ‍ॅटलास ज्यांच्या दारात आहे, ते आता तिला भंगारात काढायचं नाव घेत नाहीत.

[दृश्य : संग्रहालयातली घडीची सायकल.]

कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे, २०१७ साली सुरू झालेलं. तिथली बीएसएची पॅराट्रूपर बघायला लोक लांबून येतात. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली ही सायकल. फ्रेमला मध्ये दोन ठिकाणी बिजागऱ्या आणि हातानं फिरवायचे पंखवाले नट. ते सोडले की सायकल अर्ध्यात दुमडते.

[दृश्य : पहाट. रिफ्लेक्टर लावलेली मंडळी, हातात ब्रेव्हे कार्डं, म्हणजे फेरीची नोंद ठेवणारी कार्डं.]

हा अभिमान नव्या सायकलींचाही आहे. बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. तिला उतरणारे हे लोक २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करतात. मग ३००, ४००, ६००. चारही अंतरं एका हंगामात झाली की ‘सुपर रँडोनिअर’ हा किताब. त्यापुढे चार वर्षांतून एकदा येणारं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस : १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास. सीटपोस्टवर चिकटपट्टीची बारीक खूण दिसते का? सीटची उंची त्या खुणेच्या वर-खाली गेली तर दीडशे किलोमीटरनंतर गुडघा बोलायला लागतो. सायकल कुठल्या कंपनीची, ते ही मंडळी उशिरा सांगतात. ती कुठे-कुठे घेऊन गेली, ते आधी सांगतात. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ ही शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण करून आले, तेव्हापासून महाराष्ट्रात या वेडाला चांगलंच बळ आलं.

[दृश्य : उलटी ठेवलेली सायकल. मालक चाक फिरवतोय.]

आता हे नीट पाहा. चाकाचा आउट काढणं, म्हणजे डगमगणारं चाक सरळ करणं चाललंय. काळ्या विलायती रोडस्टरला, म्हणजे रोजच्या वापराच्या दणकट सायकलीला पुढच्या चाकात ३२ तारा असतात, मागच्यात ४०, कारण भार मागे जास्त. खडू रिमजवळ धरायचा आणि चाक हलकेच फिरवायचं. रिम जिथे खडूला घासेल तिथे पांढरी खूण उठते. त्या बाजूच्या तारा पाव फेरा सैल करायच्या, समोरच्या तेवढ्याच आवळायच्या. पुन्हा फिरवायचं. घाई केली की चाक अंड्यासारखं होतं. तारेऐवजी सळ्यांनी ओढले जाणारे रॉड ब्रेक जुळवणारे, आउट काढणारे जुने मिस्त्री कमी होत चाललेत, म्हणून मालक स्वतः शिकले. सुट्ट्या भागांची मात्र तेवढी ओढाताण नाही. देशी रोडस्टर अजून बनतात, त्यामुळे २८ इंची टायर, ब्रेकची रबरं, पायडलचा दांडा घट्ट बसवणारी कॉटर पिन बाजारात मिळतात. अडतं ते मूळच्या दिव्यापाशी, हेडच्या बिल्ल्यापाशी, चेनकव्हरपाशी.

आणि या वस्तू अजून घरांत आहेत. माळ्यावर, जिन्याखाली, गोठ्याच्या कोपऱ्यात. तुमच्याकडे अशी एखादी सायकल गंजत पडली असेल, तर आधी हेडवरची माती पुसा आणि कुठली आहे ते बघा. भंगारवाला तिचे किलोवर पैसे देईल. तिला पुन्हा रस्त्यावर आणणारा माणूस तुमच्याच गावात, बहुधा दोन गल्ल्या सोडून राहतो. आधी त्याला हाक मारा.