धूळ कुठली, धूर कुठला

श्रोतेहो, नमस्कार. 23 जानेवारी 2022, रविवारचा दिवस. मुंबईत समोरची इमारत धड दिसेना, रस्त्याकडेच्या गाड्यांवर पांढुरकी पूड बसलेली. ही धूळ मुंबईची नव्हतीच. पश्चिमी झंझावाताच्या जोरदार वाऱ्यांनी ती पाकिस्तानात, कराचीच्या बाजूला उचलली आणि अरबी समुद्र ओलांडून सौराष्ट्रावर, आपल्या किनाऱ्यावर आणून टाकली. हा सगळा प्रवास उपग्रहांना वरून दिसत होता.

समुद्रावर धूळ ओळखणं सोपं. खाली गर्द निळं पाणी आणि वर मातकट पट्टा, पोरगंसुद्धा बोट ठेवील. खरी पंचाईत वाळवंटावर. जमीनही धुळीच्याच रंगाची! आणि रात्री तर साध्या प्रकाशातला फोटोच निघत नाही. तिथे अवरक्त किरण, म्हणजे इन्फ्रारेड, कामाला येतात. उपग्रह 11 आणि 12 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास अशा दोन पट्ट्यांत तापमान मोजतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बर्फकणांचा विरळ ढग असला तर बाराचा आकडा थंड येतो. खनिज धूळ असली की उलट होतं, अकराचा थंड येतो. या फरकाला रंग दिला की काळ्याकुट्ट रात्रीही धुळीचं वादळ नकाशावर गुलाबी उमटतं. मला विचाराल तर हवामानशास्त्रातली ही सगळ्यात देखणी युक्ती.

धुराच्या बाबतीत मात्र ती चालत नाही. धुराचे कण बहुतेक एका मायक्रॉनपेक्षाही बारीक, त्यामुळे अवरक्त किरण त्यातून आरपार जातात. म्हणून रात्री आग दिसते, पण तिचा धूर गायब! दिवसाही तो ठसठशीत दिसतो तो सकाळ-संध्याकाळी, उन्हं तिरपी असताना. कौलातून आलेल्या कवडशात धूलिकण चमकतात ना, तसाच प्रकार. म्हणून भरदुपारच्या चित्रात धूर पुसट दिसला तरी तो विरला असं समजू नये.

7 जून 2023 ला न्यूयॉर्कचं आभाळ दिवसाढवळ्या नारिंगी झालं. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींनी पाठवलेले फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. आगी लागल्या होत्या कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेत अशा वेळी तज्ज्ञ माणसं उपग्रहचित्रांची मालिका पुढेमागे फिरवून पाहतात आणि धुराची हद्द चक्क हाताने आखतात: विरळ, मध्यम, दाट. संगणक आहेतच, पण पातळ ढग कुठला आणि धूर कुठला, हे ठरवायला अजून माणसाची नजर लागते. मला तरी यात काही कमीपणा वाटत नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीला तो धूर अटलांटिक ओलांडून युरोपात पोहोचला. आभाळ दुधाळ झालं, पण जमिनीलगतची हवा फारशी बिघडली नाही, कारण धूर बराच उंचावर होता. नेहमीच्या उपग्रहचित्रात नेमकं हेच कळत नाही, थर नाकाशी आहे की डोक्यावर चार-पाच किलोमीटर. कॅलिप्सो नावाचा उपग्रह 2006 ते 2023 लेसरने हवेचा उभा छेद घेत असे, पण तोही आपल्या वाटेखालच्या अरुंद पट्टीपुरताच. तेव्हा नकाशा पाहून खिडक्या लावून घेण्याआधी जवळच्या हवामापन केंद्राचा आकडा पाहावा. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर अॅपवर तो मिळतो.

उपग्रहचित्रं नासाच्या वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब-हरियाणावर आगींचे तांबडे ठिपके सुरू करून पाहा, पराली, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले भाताचे खुंट, जाळल्याच्या खुणा दिसतील. ठिपके मोजताना एक लक्षात ठेवा. हे ठिपके टिपणारे बरेचसे उपग्रह सात-आठशे किलोमीटरवरून जातात, आणि त्यांतल्या महत्त्वाच्या काहींची दिवसाची फेरी दुपारी दीडच्या सुमारास असते. चार वाजता पेटवलेलं शेत रात्रीच्या फेरीआधी विझलं, तर त्याचा ठिपका उमटतच नाही. 36,000 किलोमीटरवर एकाच जागी ठाण मांडलेला आपला इन्सॅट अर्ध्या तासाने चित्र घेतो खरा, पण इतक्या लांबून छोटी आग त्याच्या नजरेतून निसटते. म्हणून एखाद्या दिवशी ठिपके घटले, तर आगी घटल्या की नुसती वेळ बदलली, हे संध्याकाळच्या धुराशी ताडून पाहावं लागतं.